आहेराच्या वहीत नसलेला पाहुणा

आमच्या राजेश्वरात लग्नघरी दोन वस्तू हमखास सापडतात. एक, दोन्ही भाषांत छापलेली पत्रिका. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. आणि दुसरी, आहेराची वही. मांडवाच्या तोंडाशी हिशेबाला पक्का असा कुणी चुलता नाहीतर मामा ती मांडीवर घेऊन बसलेला असतो. कोण आला, कोणत्या गावचा, काय दिले, सारे तिच्यात उतरते. शहरातला पाहुणा हे पाहून हसतो. म्हणतो, प्रेमाने दिलेल्याचा कसला हिशेब ठेवता? त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते, की ही वही आपले देणे विसरू नये म्हणून लिहिलेली असते. ज्याने आज आपल्या दारी पातेले आणले, त्याच्या घरी मांडव पडेल तेव्हा आपल्याला पातेले घेऊन जायचे आहे. कन्नडात लग्नातल्या अशा आहेराला ‘मुय्यी’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटातच परतफेड आहे.

वाचकहो, मला आज भांडायचे आहे ते अशा एका पाहुण्याशी, जो बोलावल्यावाचून मांडवात येतो, पोटभर जेवतो, सर्वांत मोलाची वस्तू घेऊन जातो आणि ज्याचे नाव त्या वहीत कधीच लागत नाही. परक्याच्या लग्नात कॅमेरा घेऊन शिरणारा प्रवासी तो हा पाहुणा. भांडणाला तोंड फोडण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा आहे.

*

१९९४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि मला फोटोचे वेड होते. पगारातून चार-चार महिने पैसे बाजूला टाकून एक जुना यशिका कॅमेरा घेतला होता. छत्तीस फोटोंचा रोल. तो धुवायला सोलापूरला नाहीतर तेव्हाच्या गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला पाठवायचा. एकेक फोटो मोजून काढायचा जमाना तो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघे मास्तर राजस्थान पाहायला निघालो. मे महिन्यात वाळवंटात कोण शहाणा जातो? पण मास्तराला सुट्टी तेव्हाच. रोल उन्हाने खराब होऊ नये म्हणून मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवले होते. त्या रोलांची जेवढी काळजी घेतली, तेवढी पुढे ज्यांचे चेहरे त्यांवर उमटले त्यांची घेतली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

जैसलमेर जिल्हा आपल्या बीदर जिल्ह्याच्या सातपट मोठा आणि माणसे आपल्या निम्म्याहून कमी. मैलोगणती वाळू आणि खेजडीची झाडे, मधेच एखादी ढाणी. ढाणी म्हणजे आपल्याकडे शेतातली वस्ती असते तशी चार-सहा घरांची. सम गावाजवळचे वाळूचे डोंगर पाहून आम्ही संध्याकाळी जीपने परतत होतो. एका ढाणीवरून ढोलाचा आवाज आला. वैशाखातली आखातीज, म्हणजे आपली अक्षय तृतीया, जवळ होती. तिकडे लग्नांचा तो मोठा मुहूर्त. जीपवाल्याला म्हटले, थांब. आम्ही उतरलो आणि सरळ आत गेलो.

आम्हाला कोणी विचारले नाही, तुम्ही कोण. जिथे पावसाचे पाणी टाक्यात साठवून वर्षभर पुरवतात, तिथे आधी पाण्याचा लोटा पुढे आला, मग गूळ, मग बसायला गोधडी. एका बाजूला मांगणियार गात होते. मांगणियार हे मुसलमान गवई, पण पिढ्यान्‌पिढ्या हिंदू यजमानांच्या घरी जन्माची आणि लग्नाची गाणी त्यांनीच गायची. यजमानाच्या वाडवडिलांची नावे त्यांना पाठ. कमायचा नावाच्या वाद्यावर गज फिरत होता. आणि मी काय करत होतो? मी कंदिलाच्या उजेडात कॅमेऱ्याचा आकडा जुळवत होतो.

आतल्या दाराशी नवरी बसली होती. डोईवरून हनुवटीपर्यंत ओढणी. तिची कोणी मावशी-आत्या असेल, तिने पोरीला पाणी पाजायला म्हणून ओढणी कपाळापर्यंत वर केली. मी फ्लॅश उडवला. बायका दचकल्या. एकीने हात आडवा केला. मी त्या हातासकट आणखी तीन फोटो काढले. खरे सांगतो, तो आडवा हात मला तेव्हा नकार वाटलाच नाही. मला तो चांगला कोन वाटला.

निघताना नवरीचा बाप जीपपर्यंत आला. ‘‘फोटू भेजोगे ना, मास्टरसाब?’’ त्याने विचारले. मी म्हणालो, ‘‘जरूर.’’ एका पोराने माझ्या डायरीत पेन्सिलीने पत्ता लिहून दिला. बापाचे नाव, ढाणीचे नाव, डाकघर सम.

तो फोटो मी पाठवला नाही. त्याला काही मोठे कारणही नाही. जूनमध्ये रोल धुऊन आला, शाळा उघडल्या, आज-उद्या करता वर्ष सरले. दरम्यान फोटो फार छान आला होता, म्हणून तो मोठा करून एका स्पर्धेला मात्र न चुकता पाठवला. स्पर्धेची शेवटची तारीख माझ्या लक्षात राहिली! बक्षीस मिळाले. फोटोखाली मी नाव दिले होते, ‘मरुभूमीची कन्या’. मुलीला नाव असते हे काही माझ्या डोक्यात आले नाही. तो फोटो चौकट करून बैठकीत लावला. आल्या-गेल्याला मी कौतुकाने दाखवी, लोक मान डोलावीत.

*

आता दुसरे लग्न. हे माझ्या लेकीचे. २००३ साल, राजेश्वर. सोलापूर-हैदराबाद हमरस्ता आमच्याकडून जातो, त्यामुळे प्रवासी काही नवलाचे नाहीत. अक्षता पडल्या, पंगती उठत होत्या, आणि मोठाले कॅमेरे गळ्यात घातलेले दोघेजण मांडवात आले. आम्ही त्यांना विचारले नाही, तुम्ही कोण. पाणी दिले, पाट मांडला, बुंदी वाढली. माझ्या धाकट्या भावाने त्यांना वारा घातला. त्यांनी पुष्कळ फोटो काढले. पाठवणीच्या वेळी लेक माझ्या गळ्यात पडून रडत होती, मुंडावळ्या सुटून एका बाजूला लोंबत होत्या, तेव्हा ते दोघे अगदी दोन हातांवर होते. मला त्या क्षणी कसले भान? मी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दोन वर्षांनी माझे व्याही उमरग्याहून आले. चहा न घेताच पिशवीतून एक गुंडाळी काढली. कॅलेंडर होते. मे महिन्याच्या पानावर माझी लेक रडत होती. खाली इंग्रजीत छापले होते: आंध्रातल्या एका खेड्यातील वधू.

व्याही म्हणाले, ‘‘गुरुजी, हे आमच्या गावात एका दुकानात टांगलंय. लोक विचारतात, तुमची सून कॅलेंडरवर कशी? तुम्ही फोटो दिलात का कुणाला?’’

मला घाम फुटला. मी त्यांना जे घडले ते सांगितले. भला माणूस, त्यांनी विश्वास ठेवला. पण ‘‘दिलात का’’ यातला न बोललेला शब्द ‘‘विकलात का’’ हा होता, आणि तो आम्हा दोघांनाही ऐकू आला होता.

लेक माहेरपणाला आली तेव्हा तिने ते पान बराच वेळ पाहिले. म्हणाली, ‘‘आप्पा, माझं रडणं त्यांनी नेलं ते नेलं. वर मला आंध्रातली करून टाकलं.’’

मी तावातावाने बोलू लागलो. फुकट जेवून गेले, चोर कुठले, विचारायची रीत नाही, नाव-गाव विचारायची शुद्ध नाही. पोरीने मला बोलू दिले. मग बैठकीच्या भिंतीकडे बोट करून म्हणाली, ‘‘ती कोण आहे, आप्पा?’’

मला उत्तर देता आले नाही. अकरा वर्षे ती पोर माझ्या भिंतीवर होती आणि मला तिचे नाव ठाऊक नव्हते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण मी वर्गात किती वर्षे शिकवली असेन! आपली लेक ती लेक, परक्याची ती ‘मरुभूमीची कन्या’.

त्याच दिवशी फोटो उतरवला. डायरी शोधली. फोटोच्या चारही प्रती, दोन ओळींचे माफीचे पत्र, असे पाकीट करून त्या पेन्सिलीच्या पत्त्यावर पाठवले. दीड महिन्याने ते जसेच्या तसे परत आले. वर शेरा होता, पत्ता अपूर्ण. ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे.

*

आता जे लोक म्हणतील, गुरुजी, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ, त्यांच्याशी बोलतो.

पहिले म्हणणे असे, की फोटोमुळे संस्कृती जतन होते. कोणाची, आणि कोणासाठी? १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला या देशातल्या माणसांची ओळख करून घ्यावीशी वाटली, तेव्हा केय आणि वॉटसन या दोघांनी संपादलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ च्या दरम्यान निघाले. चारशेहून अधिक फोटो. माणसांना उभे करून काढलेले, आणि खाली त्या जमातीचे गुणदोष. याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. माणसाला नावाने न ओळखता नमुना म्हणून ओळखायचे, हा एकच धडा त्या खंडांनी आणि त्या कायद्याने गिरवला. कायदा १९५२ साली गेला. नमुना करण्याची खोड गेली नाही.

तिकडे वाळवंटातच याच्या उलट उदाहरण आहे. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० साली बोरुंदा गावी रूपायन संस्था काढली. कोठारींनी आयुष्यभर मांगणियार आणि लंगा गवयांची गाणी ध्वनिमुद्रित केली. तेही बाहेरून मांडवात जाऊन यंत्रच लावत होते. पण त्यातून गवई आपापल्या नावांनी देशोदेशीच्या मंचांवर गेले. जैसलमेरकडच्या हमीरा गावचे साकर खाँ कमायचा वाजवत; २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती त्यांच्या नावाने मिळाली, ‘मरुभूमीचा वादक’ म्हणून नव्हे. जतन याला म्हणतात. जतन करणारा पुन्हा पुन्हा त्या दारी जातो. मी एकदाच गेलो आणि जीपमध्ये बसून पळालो.

दुसरे म्हणणे: मांडव उघडा असतो, कोणीही यावे, मग फोटोला हरकत कसली? मांडव उघडा असतो तो जेवायला. आमच्या दारी उपाशी कोणी जाऊ नये म्हणून आम्ही कनात बांधत नाही, याचा अर्थ लेकीचे रडणे बाजारात मांडले आहे असा होत नाही. कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही पैसे देऊन फोटोग्राफर बोलावलात, आणि वेगळा करार केला नसेल, तर फोटोचा हक्क तुमचा. पण आगंतुकाने येऊन फोटो काढला तर हक्क त्याचा, आणि तोही त्याच्या हयातभर, वर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे! म्हणजे पाटावर बसवून बुंदी वाढली त्याचे नशीब थोर. लेकीच्या चेहऱ्यावर लेकीपेक्षा त्याचा हक्क जास्त. अलीकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाचा खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. तो खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. पण ढाणीवरच्या बाईने आडवा हात केला तेव्हा तिला कोणत्या न्यायालयाची गरज नव्हती. तिचा हात हाच निकाल होता. मी तो मानला नाही.

तिसरे म्हणणे जरा वजनदार आहे. लोक म्हणतात, फोटो हा पुरावा असतो. आखातीजेला वाळवंटात पोरीबाळींची लग्ने लागतात, ती जगापुढे कशी यायची? मान्य. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हरविलास सारडा राजस्थानातल्या अजमेरचेच, आणि २००६ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. दूर कशाला, आपल्याही भागात कोवळ्या पोरींच्या डोईवर अक्षता पडतच नाहीत असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? ज्याला हे थांबवायचे आहे त्याने जरूर फोटो काढावा, वेळेत अधिकाऱ्याकडे न्यावा, आणि पोरीचे तोंड झाकावे. पण मला सांगा, मी त्या रात्री तिचे वय विचारले होते का? ओढणीखाली अठरा वर्षांची होती की तेरा, मला आजही ठाऊक नाही. कायदा तेव्हाही होता. मी मास्तर होतो. शाळेच्या रजिस्टरात शेकडो पोरींच्या जन्मतारखा स्वतःच्या हाताने लिहिलेला माणूस. मी साक्षीदार झालो नाही आणि पाहुणाही झालो नाही. जो धड दोन्ही नाही, त्याला तिसरे नाव काय द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

चौथे म्हणणे मला सर्वांत खोटे वाटते: त्या गरीब लोकांना फोटोत काय रस? रस नसता तर बाप जीपपर्यंत आला असता का? पूर्वी आपल्या बीदर-गुलबर्ग्यावर निजामाचे राज्य होते, तेव्हा लाला दीनदयाळ हे मोठे फोटोग्राफर हैदराबादेत होते. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांचे फोटो तिथे एक इंग्रज बाई काढी. सव्वाशे वर्षांपूर्वी एका धंदेवाईक माणसाला जे कळले, की बाईलाही आपला फोटो हवा असतो, पण तिच्या मर्जीने आणि तिच्या हाती, ते आपल्याला आज कळू नये? फरक दरबार आणि ढाणी असा आहे, दुसरा कसला? दरबारातला माणूस ‘फोटो कुठे आहे’ म्हणून विचारायला दारात येऊ शकतो. वाळवंटातला येऊ शकत नाही.

अफगाण मुलीचा तो हिरव्या डोळ्यांचा जगप्रसिद्ध फोटो आठवतो ना? १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत काढलेला, १९८५ साली मासिकाच्या मुखपृष्ठावर छापलेला. शरबत गुला हे तिचे नाव जगाला २००२ साली कळले, आणि तिनेही स्वतःचा तो फोटो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. सतरा वर्षे साऱ्या दुनियेने जे पाहिले ते एकटीने पाहिले नव्हते.

*

वाळवंट लांब आहे, आपला काय संबंध, असे म्हणून पान उलटू नका. आपल्या बसवकल्याण-भालकीच्या रानात तांडे आहेत. त्यांचे वाडवडील मारवाडातून बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून दक्षिणेत आले असे त्यांचेच लोक सांगतात. म्हणजे वाळवंट आपल्या शिवेवरच येऊन राहिले आहे म्हणा ना! तांड्यावरच्या लग्नात नवरी ‘ढावलो’ गाते. ते नुसते गाणे नसते. आई-बाप, भाऊ, सख्या, एकेकाचे नाव घेऊन गळ्यात पडून रडणे असते. थोरल्या बाया ते पोरीला शिकवतात.

तांड्यावरचा माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटला. म्हणाला, ‘‘गुरुजी, आता गावातली पोरं लग्नात मोबाइल घेऊन येतात. म्हणतात, आजीचा फेटिया-काचळी पेटीतून काढा, साडीत बंजारा वाटत नाही. बहिणीचं ढावलो झालं तर एकजण म्हणाला, आवाज नीट आला नाही, परत एकदा रड.’’

परत एकदा रड! हे म्हणणारी पोरे कोणाची? तुमची आमची, बरे का. शिकलेली, दोन-तीन भाषा फाडफाड बोलणारी. आणि खाली काय लिहितात? ‘रंगीबेरंगी जिप्सी’. ज्या समाजाला कर्नाटकात अनुसूचित जातीत धरतात, महाराष्ट्रात विमुक्त जातीत, आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत, ज्याच्या एकाच घरातल्या तीन भावांना तीन राज्यांत तीन दाखले लागतात, त्याच्या साऱ्या दुःखावर दोन शब्दांचे लेबल.

आणि लेबलाचे दुःख आपल्याइतके कोणाला कळावे? १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा हैदराबादेतून म्हैसूर राज्यात आला, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आपण मात्र होतो तिथेच, आपल्या अंगणात. पुण्याला गेलो की आपल्या बोलीला हसून लोक विचारतात, कानडी का? बंगळूरला गेलो की विचारतात, मराठी का? हैदराबादच्या बाजूने आलेल्याने माझ्या लेकीला आंध्रातली केले. आपण प्रत्येक वेळी चडफडतो, म्हणतो, आम्हाला विचारा तरी आम्ही कोण! मग कॅमेरा हाती आला की आपणच का विचारत नाही? दुसऱ्याच्या चुकीच्या मथळ्याखाली जन्म काढलेल्यांनी तरी तिसऱ्याला चुकीचा मथळा देऊ नये.

*

नुसते भांडून काय उपयोग? म्हणून काय करावे तेही सांगतो.

परक्या लग्नात गेलात तर आधी यजमानाला भेटा, नाव-गाव सांगा, आणि कॅमेरा पिशवीत असतानाच विचारा. गळ्यात लटकवून विचारणे म्हणजे उत्तर घरूनच घेऊन येणे. बायकांच्या बाजूला जायचे तर बरोबरच्या बाईने जावे, बाईने विचारावे. हात आडवा आला, पदर ओढला गेला, मान फिरली, की फोटो संपला. रडणे आणि लेकरे यांचे फोटो घरच्यांसाठी काढावेत, भिंतीसाठी आणि बक्षिसासाठी नाहीत. नाव विचारावे, आणि ते लोक उच्चारतात तसे लिहावे. आणि पोर लहान वाटली तर फोटो काढण्याआधी वय विचारण्याची छाती ठेवावी.

आणि फोटो पाठवावा. माझ्या वेळी रोल होता, सोलापूर होते, डाक होती. मला निदान खोटी सबब तरी होती. आता तर फोटो तिथल्या तिथे त्यांच्या फोनवर जातो. पाठवल्याशिवाय मांडवाबाहेर पाऊल टाकू नये. मग तो फोटो कसा आहे हे तेही पाहतील, नको म्हणतील तर पुसून टाकावा. फुकट जेवलेल्या पंगतीची एवढी किंमत फार नाही.

यजमानांनाही एक सांगणे आहे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघतील, मांडव पडतील, आहेराच्या वह्या बांधल्या जातील. यंदा त्या वहीत शेवटी एक पान कोरे ठेवा. कोणी अनोळखी कॅमेरेवाला आला तर त्याला पाणी द्या, जेवू घाला; दारात आलेल्याला परत पाठवण्याची आपली रीत नाही. पण वही सांभाळणाऱ्या मामाने त्याला अदबीने विचारावे, पाहुणे, नाव काय, गाव कोणते, फोन कोणता, आणि आमच्या लेकीचे किती फोटो नेता? लिहून घ्यावे. भला माणूस असेल तर रागावणार नाही. रागावला तर समजावे, की त्याला परत द्यायचे नव्हतेच.

माझ्या लेकीच्या लग्नातली वही अजून घरात आहे. तिच्या शेवटच्या पानावर मी त्या परत आलेल्या पाकिटावरून एक ओळ उतरवून ठेवली आहे. ढाणीचे नाव, बापाचे नाव, सन १९९४, फोटो चार. देणे बाकी. मुलीच्या नावाची जागा कोरी आहे. तुमच्यापैकी कोणी सम गावाकडे जाणार असेल तर जाण्याआधी मला कळवा. पाकीट तयार आहे.